सायलेन्सरची पीडा

सत्याऐंशी साली दर गुरुवारी बोईसर नाक्यावर जीपगाड्यांची रांग लागायची आणि गाड्यांभोवती माणसांची दाटी व्हायची. मधोमध पुंजाराम महाराज उकिडवा बसलेला असे. हातात ब्रश, पुढ्यात तांब्याचा गडू आणि गडूत चंदेरी लेप.

"गाडीला नजर लागते. ती बसते कुठं? गाडीच्या पोटात. आणि निघते कुठून? शेपटीतून!" असं म्हणत तो सायलेन्सरला लेप फासायचा. लेप वाळेपर्यंत मंत्र पुटपुटायचा. मग ड्रायव्हरला इंजिन चालू ठेवायला सांगायचा. दहा-पंधरा मिनिटांत सायलेन्सर तापला की त्याच्या अंगातून पांढरा धूर निघे, उग्र वास सुटे. लोक हात जोडत. धूर थांबला की महाराज जाहीर करी, "पीडा जळाली. आता ही गाडी दगा देणार नाही."

मी तारापूरच्या एका कारखान्यात रंगारी होतो. बॉयलरचे तापणारे पाईप रंगवायचं माझं काम. तो वास मी रोज छातीत भरून घरी न्यायचो, त्यामुळे गडूत काय आहे ते पहिल्याच दिवशी ओळखलं.

माझा शेजारी बन्सी त्या रांगेत थांबून जीपला लेप लावून घेऊन आला. पालघर-सातपाटी रस्त्यावर त्याची जीप चालायची. ब्रेक दोनदा दाबल्याशिवाय लागत नव्हता, हे त्यानंच मला सांगितलं होतं.

"बन्सी, तो उष्णता सोसणारा रंग आहे. गाडी मेकॅनिककडे ने, ब्रेकचं तेल गळतंय."

"चंद्रभानभाऊ, धूर डोळ्यांनी पाहिला मी," तो म्हणाला. "पीडा गेली. आता ब्रेकला काय होतंय?"

मी त्याच्या बायकोलाही सांगून पाहिलं. ती म्हणाली, तुमचा देवावर विश्वास नाही म्हणून तुम्ही असं बोलता.

लेप लावल्याच्या नवव्या दिवशी सातपाटीच्या वळणावर ब्रेक लागलाच नाही. जीप मिठागराच्या चरात आडवी झाली. मासळी विकणारी सोजराबाई पाटी घेऊन मागे बसली होती, तिचा हात मोडला. बन्सीचं कपाळ फुटलं. मी धावत गेलो, तर लोक आडव्या पडलेल्या जीपचा सायलेन्सर बघत होते.

"लेप तसाच चमकतोय," कोणीतरी म्हणालं. "महाराजांमुळं जीव वाचले."

त्या दिवशी मला कोणाशी बोलायचीही इच्छा उरली नाही. माणसाचं हाड मोडलं तरी श्रेय महाराजालाच!

पुढच्या गुरुवारी मी नाक्यावर गेलो. बरोबर पाण्याच्या पाईपचा नवा तुकडा होता, पॉलिश पेपरनं घासून स्वच्छ केलेला, शिवाय रॉकेलचा स्टो आणि कारखान्यातून मागून आणलेला थोडा रंग. सोजराबाई गळ्यात हात बांधून आली होती.

कोरा पाईप तापवला. धूर नाही. थंड केला, रंग लावला, वाळू दिला, पुन्हा तापवला. तोच पांढरा धूर, तोच वास.

महाराज हसला. "लोखंड खाणीतून येतं. खाणीतली पीडा असेल त्यात, लेपानं ती बाहेर ओढली."

लोकांनी माना डोलावल्या. मला स्टो उचलून घरी जावंसं वाटलं. तेवढ्यात सोजराबाई पुढे झाली.

"म्हाराज, जलली ती पीडा परत येते का?"

"कधीच नाही."

"मंग चंद्रभान, त्याच पायपाला परत रंग लाव. आमी बघतो."

मी आधी तो पाईप नुसताच तापवला. धूर आला नाही. मग त्यावर रंगाचा दुसरा हात दिला, वाळू दिला आणि स्टोवर धरला. धूर निघाला, पहिल्याइतकाच.

"पीडा तर जलली व्हती," सोजराबाई शांतपणे म्हणाली. "मंग आता काय जलतंय?"

महाराजानं गडू आपल्याकडे ओढला. मी लोकांना सांगितलं की या रंगात अॅल्युमिनियमची पूड असते आणि ती पसरवून चिकटवणारा द्रव असतो. पहिल्यांदा तापला की तो द्रव जळतो, त्याचा धूर होतो. पूड पाईपवर पक्की बसते, म्हणून चमक राहते. गंज रोखायला हा रंग चांगला आहे. ब्रेकशी त्याचा काही संबंध नाही.

बन्सी कपाळाची पट्टी चाचपत उभा होता. "मला त्या दिवशीच का नाही दाखवलंस?" तो म्हणाला. मी सांगितलं होतं, दाखवलं नव्हतं. ते मला लागलं.

महाराज दुपारी गडू घेऊन गेला. पुढच्या महिन्यात कळलं, तो वाणगाव स्टेशनाबाहेर बसतो आणि तिथंही रांग लागते. संताप येतो, पण नुसत्या संतापानं कोणाचा ब्रेक दुरुस्त होत नाही. म्हणून हे लिहिलं. कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी त्याला तो पुन्हा करायला लावा, तुमच्या पाईपवर, तुमच्या समोर. आणि गाडीत माणसं बसवण्याआधी ब्रेक तपासून घ्या.