उपकरण चालू स्थितीत

“शेरेबाई, माझ्या गोगलगायी हिवाळा काढायच्या नाहीत,” प्राध्यापक खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाले.

“त्यांना म्हणावं, तसा अर्ज करा,” पलीकडच्या टेबलावरून हिशेबनीस बोलला आणि कचेरीत हशा पिकला.

शेरेबाई हसल्या नाहीत. प्रयोगशाळांना सरकारी अनुदान देणाऱ्या त्या कचेरीत त्यांची हयात गेली होती. फाइलवर नेमका शेरा मारतात म्हणून हे नाव पडलेलं. प्राध्यापकांची पहिली फाइल त्यांनीच पुढे सरकवली होती, दोघांचे केस काळे होते तेव्हा. पाण्यातल्या गोगलगायीचा गेलेला डोळा पुन्हा कसा उगवतो, हे शोधायला निघालेला तो तरुण सगळ्यांना अर्धवट वाटला होता. शेरेबाईंना नव्हता वाटला. त्यांच्या आईची दृष्टी त्याच वर्षी गेली होती.

आता गोगलगायींची खोली उबदार ठेवणारं यंत्र बंद पडलं होतं. प्राध्यापकांनी पदरचे घालून दोनदा डागडुजी केली. तिसऱ्यांदा कारागिरानेच हात जोडले. नवं घ्यायला अनुदानात पैसे होते, पण ते मायक्रोस्कोपच्या नावावर. एका नावाचा पैसा दुसरीकडे वळवायला समितीची मंजुरी लागे, आणि समितीला अध्यक्षच नव्हता.

“मायक्रोस्कोप नको मला. जुन्यावर भागतंय. ऊब तेवढी द्या.”

“सर, माझ्या हातात असतं तर तुम्हाला इथवर यावं लागलं असतं का?”

“थोड्या घरी नेल्यात. न्हाणीघर भरलंय. बायको म्हणते, या घरात एक तर त्या राहतील, नाहीतर मी.”

“मग?”

“मग काय. तीच पाणी कोमट करत बसते.”

शेरेबाई फाइल घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेबही मनाने वाईट नव्हते.

“बाई, मी सही केली तर तपासणीत उरलेलं अनुदानही थांबवतील. मग त्यांच्या हाती काय राहील? अध्यक्ष येऊ द्या.”

“तोवर गारठा थांबेल का, साहेब?”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग फाइल बाईंकडे परत सरकवली.

थंडी सरली. अध्यक्ष आले नाहीत, मायक्रोस्कोप आला. नियमाप्रमाणे तो पाहून यायला शेरेबाईंनाच जावं लागलं.

प्रयोगशाळेत काचेच्या टाक्या घासूनपुसून पालथ्या घातल्या होत्या. शेरेबाईंनी विचारलंच, “घरच्यासुद्धा?”

“एक टिकली होती बरेच दिवस. नवा डोळा धरत होता तिचा.” मग त्यांनी नळाच्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवला. “बघा. यंत्र उत्तम आहे.”

शेरेबाईंनी भिंगाला डोळा लावला. आत नुसता उजेड होता. तरी त्या वाकूनच राहिल्या; लगेच मान वर करणं त्यांना जमलं नाही. मग कागदावर लिहिलं, ‘उपकरण चालू स्थितीत’, आणि प्राध्यापकांनी खाली सही केली.

बाहेर पडताना शेरेबाईंनी दार ओढलं, तसा प्राध्यापकांनी चटकन हात घातला.

“हळू, बाई. हादरा बसला की डोळे आत घेतात त्या.”

मग त्यांनीच हात मागे घेतला. शेरेबाईंनी रिकाम्या खोलीचं ते दार दोन्ही हातांनी धरलं आणि आवाज न करता लावून घेतलं.