बंदुकीआधीची पेरणी

देवमनची पोरगी पळत पळत अमेरिकेत गेली, असं आसेगावात म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सुकेशनी रोज सकाळी गायरानाच्या धुऱ्यावरून अनवाणी पळायची. बाया हसायच्या, "इच्या मांगं कुत्रं लागलं का वो!" पुढं ती विद्यापीठाकडून पळाली, देशात नंबरात आली आणि ओक्लाहोमा नावाच्या राज्यातल्या एका कॉलेजानं तिला पळण्यासाठीच बोलावून घेतलं. शिक्षण फुकट, जेवण फुकट, पायातले बूटही त्यांचेच. हसणाऱ्यांची तोंडं आपोआप मिटली.

गायरान मात्र होतं तिथंच होतं. कागदावर ते सरकारचं. देवमनच्या बापानं त्यातले गोटे वेचून वावर केलं, बाप गेल्यावर देवमननं कसलं, आणि सातबाऱ्यावर दोघांचंही नाव कधी लागलं नाही. या उन्हाळ्यात बातमी आली की गायरानावर सौर प्रकल्प येतोय. तलाठी येऊन पाहणी करणार. जी जमीन कसलेली दिसेल ती सोडण्याचा विचार होईल, बाकी सगळ्याला तारेचं कुंपण. पोरगी कितीही लांब पळाली तरी म्हातारपणी देवमनला आणि त्याच्या बायकोला टेकायला तेवढंच वावर होतं.

रविवारी सकाळी सुकेशनीचा फोन आला, आणि देवमननं तिला पाहणीचं सांगितलं. तिथं तेव्हा शनिवारची सांज.

"जय भीम बाबा. घोर कायले करता? इथचं राज्यच जमिनीच्या शर्यतीतून बनलं," सुकेशनी म्हणाली. "शंभरावर वर्सं झाली, सरकारनं जमीन खुली केली. सीमेवर घोडे, गाड्या घेऊन लोक उभे. दुपारी बंदूक वाजली की पळायचं, जो पहिले खुंटी ठोकीन त्याची जमीन. काही बदमाश बंदुकीच्या आंधीच घुसून नाल्यायमंदी लपले होते. त्यायले सूनर म्हनत. पहिले ते शिवी होती, आता साऱ्या राज्याचं टोपणनाव हाये. इथच्या मोठ्या विद्यापीठाच्या फुटबॉल टीमचंबी तेच नाव. गुण मिळाला का मैदानात दोन घोड्यांचा छकडा पळवतेत, अन् लोक बोंबलतेत!"

"शंकरपटातल्या बैलजोडीवानी?"

"तसंच. पन जोडी एकच, हारायचा सवालच नाई." ती हसली. "पन बाबा, ते जमीन आंधी..."

देवमननं पुढचं ऐकलंच नाही. फोन बायकोच्या, भागिरथाच्या, हातात देऊन तो उठला होता. आधी घुसला त्याचं राज्य झालं! ही गोष्ट त्याच्या डोक्यात अशी बसली की दुसरं काही तिथं शिरेना.

त्याच दिवशी तो वावरात गेला. तूर काढून झाली होती, वाळलेल्या तुराट्या उभ्या होत्या. त्या त्यानं उपटायला घेतल्या.

"राहू द्या ना उभ्या," भागिरथा म्हणाली. "लागतीन तशा जळनाले नेऊ."

"पाहनी होऊन राह्यली, अन् वावर असं गबाळं ठेवू? गावाच्या आंधी पेरतो मी."

त्यानं तुराट्या घरी वाहिल्या, भाड्याच्या ट्रॅक्टरनं नांगरट केली आणि पावसाची वाट न पाहता कोरड्या मातीत सोयाबीन टाकलं. धूळपेर म्हणतात तिला. ती जिवावरची पेरणी. गायरानातलाच शेजारचा तुकडा कसणारा मारोतराव लिंबाखाली पडून बघत होता. त्याच्या तुराट्या जशाच्या तशा उभ्या.

"उठ ना बे आळश्या, तुले जमीन झोपेत भेटीन काय?" देवमननं टोमणा मारला. मारोतरावानं कूस बदलली.

तलाठीण आली तेव्हा आभाळ कोरडंच होतं. मारोतरावाच्या तुकड्यावर तिनं मोबाईलवर फोटो काढला. मागच्या हंगामाची तूर, खूण स्पष्ट. मग ती देवमनच्या बांधावर थांबली.

"काका, ही नांगरट तर नवीन दिसते. जागा अडवायला आत्ताच आलात का?"

"पेरलं हाये बाई!" देवमन गुडघ्यावर बसला आणि हातानं माती उकरू लागला. रानडुकरांनी पेरणीचे तास, ओळीच्या ओळी, उचकले होते. एक तास रिकामा, दुसरा रिकामा. शेवटी चार दाणे सापडले, ते त्यानं तळहातावर धरले.

"दाणे कोणीही दाखवेल, काका. मला पीक दिसलं पाहिजे, नाहीतर मागच्या पिकाची खूण."

भागिरथा घराकडं धावली. तुराट्यांचा भारा डोक्यावर घेऊन आली आणि तलाठिणीपुढं टाकला. "ह्या पाह्या! याच वावरातल्या होत!"

तलाठीण वाईट नव्हती. तिनं मान खाली घातली, आणि उघड्या मातीचा फोटो काढला.

देवमननं मारोतरावाकडं पाहिलं. एक शब्द बोलला असता तर? पण पाहणीतून आपलंच नाव खोडलं जाईल म्हणून मारोतराव पायाच्या अंगठ्यानं ढेकळं फोडत राहिला. त्याला तरी काय बोल लावायचा.

पावसाळा संपायच्या आत खांब आले, तार आली. मारोतरावाचा तुकडा बाहेर राहिला, देवमनचा आत गेला. वावर गेल्याचं सुकेशनीला दोघांनी सांगितलं नव्हतं. रविवारी फोन आला तेव्हा देवमन कुंपणाबाहेर बसला होता.

"पोरी, त्या गोष्टीत... बंदूक वाजायच्या आंधी ते जमीन कोनाची होती?"

"त्याच दिवशी सांगत होती मी. अमेरिकेतल्या मूळच्या लोकायची. त्यायले दुरून हाकलून इथी आनलं होतं. सरकारनं सांगतलं होतं, जोवर गवत उगवते तोवर हे तुमचंच."

"मंग?"

"मंग बंदूक वाजली. बाबा, तुमी असं काहून विचारून राह्यले? वावर..."

"तू तेथीच पळतं ना?"

"हो. त्याच मातीवर."

देवमननं तारेत बोटं अडकवली. आतल्या मातीत त्याच्या सोयाबीनची चार-दोन रोपं उगवून आली होती. उशिरा का होईना, उगवली होती.

"मंग पाय जपून टाकजो, बाई," तो म्हणाला. "कोनाच्या तरी बापानं तेथचे गोटे वेचले असतीन."