घासून गेलेले आकडे

संग्रहालयाच्या शस्त्रदालनात चौतीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला सगळे ‘संगीनमास्तर’ म्हणत. बंदुकीच्या तोंडाला लावायची जुनी संगीन हातात आली की मास्तर पात्याच्या बुडाशी आणि मुठीजवळच्या आडव्या पट्टीवर भिंग धरत. कुठल्या कारखान्यात घडली, कोणत्या पलटणीला दिली, तिथली कितवी, सगळं घडाघडा सांगत. “माणसं वयसुद्धा चोरतात, लोखंड चोरत नाही,” ही त्यांची ठरलेली कोटी.

एका मंगळवारी सकाळी एक म्हातारी बाई आली. जन्मभर शिवणकाम करून पाठीत वाकलेली. तिनं पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं पत्र काढलं.

“माझा थोरला भाऊ लढाईत गेला तो गेलाच. मेल्याची तार नाही, जिवंत असल्याची खबर नाही. त्याच लढाईतल्या, दलदलीत सापडलेल्या संगिनी तुमच्याकडे आहेत म्हणे?”

“आहेत. बावीस.”

“मग हे वाचा. नंबर लिहिलाय त्यानं.”

मास्तरांनी वाचलं. ‘तुझ्या वहिनीला सांग, इथं मला दुसरी मिळालीय. दिवसभर कमरेला बिलगून असते. सातवी पलटण, नंबर चार हजार सातशे अठरा. आता म्हणावं, रुसून बस.’

मास्तर हसले, आणि हसता हसताच त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

त्या बावीस संगिनी त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी आल्या होत्या. गंजानं काळ्याठिक्कर. तेव्हाचे साहेब म्हणाले होते, “लख्ख झाल्या पाहिजेत.” नव्या नवलाईच्या हुरुपात त्यांनी दोन महिने पॉलिशपेपर चालवला, तोही पुरेना तेव्हा फिरतं चाक लावलं. साहेबांनी पाठ थोपटली. आधी आकडे उतरवून घ्यावेत, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. खुणा वाचायला मास्तर शिकले ते त्यानंतर. आपण काय करून बसलोय हे कळलं त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नव्हतं, पण त्यांनी कुणाला सांगितलंही नव्हतं.

त्यांनी कपाट उघडलं आणि एकेक संगीन खिडकीच्या तिरप्या उजेडात धरली. बाई शेजारी उभी. पट्ट्या गुळगुळीत होत्या. सोळाव्या संगिनीवर मात्र चार आणि सात दिसले. पुढे काहीच नाही.

“हीच!” बाईनं त्यांचं मनगट घट्ट धरलं.

“तसं म्हणता येत नाही, ताई. चार-सातनं सुरू होणारे शंभर नंबर असतात. पलटणीची खूणही गेलीय.”

“काही औषध लावून आकडे वर येत नाहीत?”

“एकीवर लावून बघितलं होतं. धातूच उरला नाही तर येणार काय?”

“असं घासलं तरी कुणी मेल्यानं?”

गंजावर ढकलता आलं असतं.

“मी,” ते म्हणाले.

बाई ओरडली नाही. तिनं त्या पात्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “चकचकीत मात्र छान केलंत हो.”

तिनं पत्राची घडी केली. “वहिनी अंथरुणाला खिळलीय. एकदा कळू दे, मग सुखानं जाते म्हणते. तिला काय सांगू?”

मास्तरांनी संगीन परत कपाटात ठेवली. बाई गेली.

दुपारी त्यांनी नोंदवहीत बावीस संगिनींपुढे लिहिलं, ‘ओळखखुणा माझ्या हातून पुसल्या गेल्या.’ संध्याकाळी संचालक मॅडमनी ते खोडलं. “निवृत्तीला चार महिने राहिलेत, मास्तर. कशाला नसती उठाठेव?” आणि वर लिहिलं, ‘नैसर्गिक झीज’.

आठवड्यानं बाईचा फोन आला. “मी वहिनीला सांगितलं, अजून शोधतायत. तिचा फोन आला तर तुम्हीही तेच म्हणा. तेवढं तरी करा.”

तेव्हापासून दर सोमवारी फोन वाजतो. पलीकडे धाप लागलेला आवाज असतो. “लागला का हो काही पत्ता?”

“शोधतोय, वहिनी,” मास्तर म्हणतात.

“सावकाश होऊ द्या. मी आहे,” ती म्हणते, आणि मास्तर रिसीव्हर खाली ठेवायचं विसरतात.