तीन नंबरच्या टाकीतला बुडबुडा

माझ्या नवऱ्याचा शेवटचा श्वास तीन नंबरच्या टाकीत आहे. केसांना लावायच्या जेलची टाकी. पाण्यातला बुडबुडा लगेच वर येतो. जेलमधला लहान असेल तर जिथल्या तिथे राहतो. यांचा वाटाण्याएवढा आहे. एकवीस दिवसांत तसूभरही हललेला नाही.

टाकीवर वाकलेलं असताना तोंड उघडायचं नाही, हा आमच्या कारखान्यातला पहिला नियम. पण टाकीत डोकावतानाच यांना काहीतरी आठवलं. "अगं, ऐक..." म्हणाले, आणि पुढचं बोलणं श्वासासकट जेलमध्ये गेलं. हे कोसळले ते उठलेच नाहीत. जन्मभर कधी वेळेवर बोलले नाहीत. मला त्यांचा भयंकर राग येतो. पुढचं वाक्य काय होतं, एवढंच मला ऐकायचंय.

सुपरवायझर खैरमोडेसाहेब टॉर्च घेऊन आले.

"बाई, एक बुडबुडा दिसतोय."

"आमचे हे आहेत."

"असतील. तीन वाजता बुडबुडे ओढून काढायला व्हॅक्यूम पंप लावायचाय. बॅच खोळंबलीय."

"पंपाने ओढलं तर बोलणं छपराबाहेर जाईल हो, साहेब."

"मग त्याआधी मोठा करा. मोठा झाला की आपोआप वर येतो."

त्यांनी घड्याळ पाहिलं. दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

मी लांब काचेची नळी बुडबुड्यापर्यंत नेली आणि फुंकर घातली. तो बोराएवढा झाला. मी दिलेला श्वास मात्र मला परत घेता आला नाही. दुसऱ्या फुंकरीला तो लिंबाएवढा झाला, आणि शेडमधली हवा जेलसारखी घट्ट होऊ लागली. पंख्याची पाती तिच्यात रुतून थांबली. खैरमोडेसाहेबांनी घाम पुसायला हात उचलला, तो कपाळापर्यंत पोचलाच नाही.

"साहेब, दार उघडा," मी म्हणाले. शब्द माझ्या ओठांपुढेच अडकून राहिले.

तिसऱ्या फुंकरीला माझ्यात काही उरलं नाही. बुडबुडा हलला. वरून गोल, खाली निमुळतं शेपूट, असा तो निघाला. मला इतका आनंद झाला की हातातली नळी सुटली. ती पडली नाही.

तो वर आला, पण फुटला नाही. आमच्या दोघांमध्ये फक्त पातळ पापुद्रा होता. मी त्याला कान लावला. बोला आता, असं म्हणायलाही माझ्याकडे हवा नव्हती.

पापुद्रा माझ्या कानासकट आत ओढला जाऊ लागला. बोलण्याआधी ते श्वास घेत होते.