दरीकडचा दगड

हो, मीच बोलतोय. गडाच्या माथ्यावर, दरीकडच्या कठड्यात बसवलेला दगड. वर पोचलात की तुम्ही सगळे ज्याला टेकता, तोच.

पाथरवटाने मला खाणीतून काढलं, छिन्नीने वाजवून पाहिलं आणि "खणखणीत आहे," म्हणाला. माणसांनी खांदे सोलवटून मला वर आणलं, खाली चुना ओतून बसवलं. त्या चुन्याच्या जिवावर मी वादळं झेलली, वेढे पाहिले. शत्रूला काही मला हलवता आलं नाही. ते काम पुढे आपल्याच माणसांनी केलं.

राज्य गेलं आणि पाहुणे येऊ लागले. धापा टाकत येतात, गडाकडे पाठ करून फोटो काढतात, किल्लीने माझ्या अंगावर आपली नावं कोरतात. कोरा बापडे. पण माझ्या मागे एक रोपटं रुजलं, त्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. मुळं चुन्यात शिरली आणि मी सुटलो. आज मी नुसता ठेवलेला आहे.

हे एकट्या पहारेकऱ्याला कळलं. वर कळवून कळवून तो थकला. शेवटी त्याने माझ्यावर काटेरी फांद्या आणून टाकल्या. लोक त्याला शिव्या घालायचे, पण बसायचे नाहीत.

मग मोठे साहेब पाहणीला आले.

"हा काय पसारा मांडलाय?"

"साहेब, दगड सुटलाय. कोणी बसलं तर माणसासकट खाली जाईल."

"मग सिमेंट लाव की. आणि ते काटे काढ आधी, फोटोत वाईट दिसतात."

फटीवर बोटभर सिमेंट फासलं, मुळं आत तशीच राहिली. पहारेकऱ्याची बदली झाली. माझ्या शेजारी पाटी लागली, 'फोटो काढण्याची जागा'. मला त्या पाटीची चीड येते.

आत्ता एक मुलगा म्हाताऱ्या वडिलांना घेऊन आलाय. गड पाहायचं त्यांच्या मनात जन्मभर होतं. त्याने हाताला धरून त्यांना माझ्यावर बसवलं आणि मोबाइल काढला.

"अरे, हा दगड हलतोय."

"बाबा, दगड कुठे हलतो? तुमचेच पाय थरथरतायत. जरा मागे सरका, दरी येऊ दे फोटोत."

म्हातारा ओशाळला. "असेल बाबा," म्हणाला आणि मागे सरकला.

आजोबा, तुमचंच खरं आहे. मला वाचा नाही, म्हणून हलून सांगतोय. उठा.