बुबुळाभोवतीचं कडं

पाट्या रंगवताना धाकट्या बहिणीचा हात थरथरायला लागला, बोलताना जीभ अडखळायला लागली, तेव्हा दादाच्या डोक्यात एकच शंका आली. दुकान त्याचं होतं. एकदा त्यानं भर गिऱ्हाइकांसमोर तिच्या तोंडाचा वास घेतला. वास कसलाच आला नाही, तरी म्हणाला, "लपवण्यात पटाईत झालीयेस!" ती ब्रश धुऊन घरी गेली.

पुढे तिचे पाय सुजले, लिव्हर खराब निघालं. मग तर त्याची खात्रीच पटली. पण दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांवर यंत्राचा प्रकाश टाकला आणि त्यालाही बघायला बोलावलं. बुबुळाच्या कडेनं तपकिरी कडं दिसत होतं.

"हे तांबं. अन्नातलं जास्तीचं तांबं हिच्या शरीराला बाहेर टाकता येत नाही. ते लिव्हरमध्ये, मेंदूत साठत जातं. रक्त-लघवीच्या तपासणीतही तेच आलंय. आईवडील दोघांकडून आलेला दोष आहे. गोळ्या जन्मभर घ्यायच्या, पण हात बराच सुधारेल."

"म्हणजे दारू..."

"दारूचा काही संबंध नाही. तुम्ही सख्खे भाऊ, तुमचीही तपासणी करू."

त्याच्यात काही निघालं नाही. माफीचे शब्द जुळवत तो तिच्या खाटेपाशी आला, तर तीच आधी अडखळत म्हणाली, "दादा, तुला नाही ना रे झालेलं?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. "सुटले बाई," म्हणून ती हसली. दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.