माझ्या पट्टीवर दुसऱ्याचं रक्त

मित्रांनो, मी एक जुना ग्लुकोमीटर. रक्तातली साखर मोजणारं, तळहाताएवढं यंत्र. पेणच्या एस.टी. स्टँडजवळच्या औषधाच्या दुकानातून रोह्याच्या चंद्रावतीबाईंनी मला घरी नेलं. मला गोड बोलता येत नाही. माझ्या पट्टीवर रक्ताचा थेंब पडला की आकडा सांगतो, कुणाला आवडो न आवडो. याच गुणासाठी त्यांनी मला आणलं आणि याच गुणाचा गळा घोटला. मला अजून त्याचा राग येतो.

त्यांचा धाकटा भाऊ हिरामण पेणजवळच्या जोहे गावात राहायचा, कारखान्यात गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखायचा. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा पेणला डायलिसिस. चंद्रावतीबाईंनी ठरवलं, आपली एक किडनी त्याला द्यायची. रक्तगट जुळला. पण त्यांची उपाशीपोटीची साखर एकशे दहाच्या आसपास. म्हणजे मधुमेह झालेला नाही, पण दाराशी येऊन उभा आहे. डॉक्टर याला प्रीडायबेटिस म्हणतात. मुंबईच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लगेच नाही म्हणत नाही. महिनाभर रोज सकाळची साखर वहीत लिहून आणा. मग सगळ्या तपासण्या करून ठरवू."

काय तोरा होता तेव्हा माझा! रोज सकाळी त्या मला पाटावर ठेवायच्या. "खरं सांग रं बाबा," म्हणायच्या. एकशे आठ. एकशे अकरा. एकशे सहा. मी खरंच सांगत होतो.

तो मे महिना होता. एका सकाळी ऊन चढायच्या आत त्यांनी आंबापोळीचा रस ताटांत पसरला आणि तशाच साखर बघायला बसल्या. बोट पदराला पुसलं, धुतलं नाही. रक्ताबरोबर आंब्याची साखरही माझ्या पट्टीवर आली. मी दाखवले एकशे एकाहत्तर.

हात धुऊन पुन्हा थेंब द्यायचा, एवढंच करायचं होतं. पण बाईंनी सुनेला हाक मारली.

"भूमिका, इकडं ये गो. तुजं बोट दे."

"आई, माजं कशाला?"

"ह्यो आकडा बघितला तर डॉक्टर माजी किडनी नाय घेनार. हिरामण मरंल गो."

भूमिकेनं बोट दिलं. मी काय करणार? सत्त्याऐंशी. स्वतःचा आकडा पुन्हा बघायची बाईंना भीती वाटली; त्या दिवसापासून रोज सुनेचंच बोट, आणि वहीवर नाव चंद्रावतीबाईंचं. माझ्या तोंडून खोटी साक्ष! मला पाय असते तर त्या पाटावरून उठून चालता झालो असतो.

महिना भरल्यावर बाई मुंबईला गेल्या, मलाही पिशवीतून नेलं. तिथल्या तपासण्यांचे कागद आले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी वही पुढे सरकवली. "तुमचं रक्त एकशे नऊ सांगतं, वही मात्र मधूनच पंच्याऐंशीवर येते. ही साखर कुणाची?"

चंद्रावतीबाईंनी रडत रडत सगळं सांगितलं.

"अहो, एकशे नऊला मी नाही म्हणाले नसते. बाकी सगळं चांगलं आहे तुमचं. पण किडनी दिल्यावर जन्मभर साखरेवर लक्ष ठेवावं लागतं. महिनाभर खरं लिहिता आलं नाही, तर तुम्हाला एका किडनीवर घरी कशी पाठवू? तीन महिने खरी वही करा, मग या."

"तीन महिनंच ना, ताय," सोबत आलेला हिरामण हसत म्हणाला. "मी हाय की."

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी स्वतःचं, धुतलेलं बोट दिलं. एकशे सात, एकशे नऊ. वही खरी होत गेली. एकसष्टाव्या दिवशी हिरामणला जंतुसंसर्ग झाला आणि तो गेला.

बाराव्याला पाहुणे जमले. कुणीतरी विचारलं, किडनी द्यायचं ठरलं होतं ना? चंद्रावतीबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"ह्या मशीननी घात केला. चुकीचा आकडा दावला."

भूमिका शेजारीच बसली होती. ती उठून पाहुण्यांसाठी चहा ठेवायला गेली. मला खोक्यात टाकलं, तेव्हापासून मी इथेच आहे.

मित्रांनो, माझ्यावर राग काढा, मी सोसेन. पण आकड्याला भिऊन दुसऱ्याचं बोट पुढे करू नका. हात धुवा, पुन्हा बघा, आणि जे येईल ते जसंच्या तसं डॉक्टरांना दाखवा. हिरामणला ताईची एकशे नऊवालीच किडनी चालली असती.